नंबर एकची शिक्षा

समजा, तुम्ही युनिव्हर्सिटीत पहिले आलात आणि बक्षीस म्हणून सांगितलं गेलं, की गेल्या वर्षी सगळ्यात तोट्यात गेलेल्या कंपनीतच जॉइन व्हायचं. दुसरीकडे अर्जसुद्धा करायचा नाही. वैताग येईल ना? अमेरिकन फुटबॉलमध्ये हे दरवर्षी होतं आणि लोक टीव्हीसमोर बसून त्यावर टाळ्या वाजवतात.

एनएफएलचा ड्राफ्ट आपल्या आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. इथे बोली नाही, पाळी असते. गेल्या सीझनला तळाला राहिलेल्या टीमची पाळी पहिली. हेतू चांगलाय, सगळ्या टीम तुल्यबळ राहाव्यात. पण यात सगळ्यात जास्त भरडला जातो क्वार्टरबॅक. खेळी तोच सुरू करतो, पास तोच देतो. समोरून दीडशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना त्याच्या हातात जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. तेवढा वेळ त्याला मिळवून देतात त्याच्यापुढे उभे असलेले पाच जण. ते कच्चे असतील तर बाकी टॅलेंट गेलं उडत!

ब्राइस यंगचंच घ्या. अलाबामा युनिव्हर्सिटीचा हा पोरगा २०२१चा हाइस्मन ट्रॉफी विजेता, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. २०२३च्या ड्राफ्टमध्ये नंबर एक. कॅरोलिना पँथर्सची पाळी खरं तर नववी होती. पहिली पाळी मिळवायला त्यांनी शिकागोला पुढच्या पाळ्या तर दिल्याच, वर डी. जे. मूर हा आपला सगळ्यात चांगला रिसीव्हरही देऊन टाकला. म्हणजे पास देणारा आणला आणि घेणारा विकला! पहिल्याच सीझनला यंग ६२ वेळा चेंडू हातात असतानाच आडवा झाला. कोचला सीझनच्या मध्येच नारळ मिळाला. सतरापैकी दोन मॅच जिंकल्या. दुसऱ्या वर्षी दोनच मॅचनंतर यंग बेंचवर. आणि चर्चा कशाची, तर त्याच्या पाच फूट दहा इंच उंचीची.

तुम्ही म्हणाल, त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा आलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनला जाऊन पहिल्याच वर्षी चमकला, ती टीमही तळातलीच होती. बरोबर. पण तिथे नवा कोच टिकला आणि स्ट्राउडची पाठराखण करायला लॅरेमी टन्सिलसारखा मुरलेला गडी होता. पॅट्रिक महोम्सला तर कॅन्सस सिटीने २०१७मध्ये दहाव्या नंबरवर घेतलं, तेही आदल्या सीझनला बारा मॅच जिंकलेल्या टीमने. पहिल्या वर्षी त्याला एकच मॅच खेळवली, बाकी वेळ सीनियरच्या मागे बसून शिकू दिलं. पुढच्या वर्षी पठ्ठ्याने ५० टचडाऊन पास दिले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कॉलेजच्या क्वार्टरबॅकला नाही म्हणायचा हक्क हवा. २००४मध्ये इलाय मॅनिंगने सॅन डिएगोकडून खेळणार नाही असं आधीच सांगून टाकलं होतं. तरी त्यांनी त्याला निवडलं, तेव्हा स्टेजवर त्याची हुर्यो उडवली गेली. मग अदलाबदल होऊन तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला आणि दोन सुपर बोल जिंकला. लोक त्याला नखरेल म्हणाले. मला तर त्या वयात एवढं धाडस झालं नसतं. पहिली ऑफर आली की आपण पेन शोधायला लागतो. आणि इलायकडे निदान मॅनिंग हे आडनाव होतं. वडील आणि मोठा भाऊ दोघेही एनएफएलचे क्वार्टरबॅक. ज्याच्यामागे कुणी नाही, त्याने कुणाच्या जोरावर नाही म्हणायचं?

यंगचं पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनला कार अपघातात अंगठ्याला दुखापत झाली, म्हणून यंगला परत उतरवलं. सीझनच्या शेवटच्या मॅचला त्याने अटलांटाला ४४-३८ असं हरवलं. तीन टचडाऊन पास, दोन स्वतः धावत जाऊन. उंची अजूनही पाच फूट दहा इंचच होती.