लांब पल्ल्याचा घोडा

२००४ साली एप्समची डर्बी येट्स जिंकणार, असे बहुतेकांनी धरूनच ठेवले होते. ऐन वेळी त्याला दुखापत झाली. डर्बी फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे संधी एकदाच. पुढच्या वर्षी त्याने तिथेच, तेवढ्याच दीड मैलाचा कॉरोनेशन कप जिंकला. पण हुकलेली डर्बी काही परत येत नसते.

मग आयर्लंडमधल्या बॅलीडॉयलच्या तबेल्यात एडन ओब्रायन यांनी त्याला लांब पल्ल्याकडे वळवले. ॲस्कॉटचा गोल्ड कप सुमारे चार किलोमीटरचा, १८०७ पासून चालत आलेला. येट्सने तो २००६ ते २००९ असा सलग चार वेळा जिंकला. दुसऱ्या कोणत्याही घोड्याला चार साधलेले नाहीत. जॉकी बदलले (फॅलन, किनेन, मग दोनदा मर्टा), घोडा तोच. तो अजिंक्य मात्र नव्हता. २००६ च्या मेलबर्न कपात सातवा आला, फ्रान्समध्येही हरला. २००९ च्या वसंतात नाव्हनला असा मागे पडला की म्हातारा संपला, असे वाटावे. जूनमध्ये आठ वर्षांच्या या म्हाताऱ्याने चौथा कप नेला.

आता व्यवहार पाहा. घोड्याची मोठी कमाई पुढे पैदाशीत असते आणि तिथल्या गिऱ्हाइकाला हवे असते दोन वर्षांचे शिंगरू लगेच पळायला. उशिरा पक्व होणाऱ्याचा दाणावैरणीचा खर्च कोण सोसणार? त्यामुळे सॅडलर्स वेल्ससारख्या नामांकित बापाचा हा विक्रमवीर निवृत्तीनंतर गेला तो अडथळ्यांच्या शर्यतींचे घोडे पैदा करायला, म्हणजे बाजाराच्या लेखी खालच्या पंगतीला. मी बँकेत होतो. हा हिशेब ओळखीचा आहे. भांडवल लवकर फिरवणाऱ्या दुकानदाराला कर्ज चटकन मिळते, आंब्याची कलमे लावणाऱ्याला दहा प्रश्न. हिशेब चुकीचा नसतो, आखूड असतो. दम असलेल्या घोड्यांची पैदासच सपाट शर्यतींतून हद्दपार केली, तर उद्या चार किलोमीटर पळायला आणणार कोणाला? डर्बीचा दीड मैलसुद्धा नुसत्या वेगावर निघत नाही.

२०२२ ची ग्रँड नॅशनल: चार मैलांहून अधिक अंतर, तीस अडथळे. जिंकला नोबल येट्स, याच येट्सचा मुलगा. सात वर्षांच्या घोड्याने ती जिंकण्याची १९४० नंतरची ही पहिलीच वेळ. पाठीवर कारकिर्दीतली शेवटची शर्यत पळवणारा हौशी स्वार होता. बुकींनी भाव दिला होता एकास पन्नास.