घाटमाथ्यावरून दिसणारे फिरंगी

आहुप्याच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते. याच जुन्नर-आंबेगावच्या मुलखातून मलिक अहमदने 1490 साली निजामशाही उभी केली आणि चौल बंदराशी तिची नाळ जुळली.

या राज्याविषयी आम्हाला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक बाजू म्हणते, परक्या मुसलमानांनी परक्या ख्रिस्त्यांना किनारा विकला. दुसरी बाजू, आमचीच, छाती फुगवून सांगते की सुलतानांनी फिरंग्यांशी जिहाद पुकारला. आम्हाला दोन्ही अमान्य.

‘परका’ कोण? मलिक अहमदच्या पित्याचे घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचे, ही जुनी परंपरा आहे. आणि ‘जिहाद’ कुठला? 1521 च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला किल्ला बांधू दिला, कारण घोडे समुद्रातून येत होते आणि समुद्र त्यांच्या तोफांखाली होता. हजला निघालेल्या जहाजालाही त्यांचा परवाना घ्यावा लागे. हा मैत्रीचा नव्हे, लाचारीचा सौदा होता. पुढे 1570-71 मध्ये मूर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, त्याच वेळी विजापूरकरांनी गोव्याला. दोन्ही वेढे फसले आणि तह झाले. 1594 मध्ये कोर्लईही गेले. ज्यांच्याकडे आरमार नव्हते, त्यांचे धर्माने काही वाचले नाही.

तरी एक गोष्ट विसरू नये. गार्सिया द ओर्ता हा ज्यू कुळातला पोर्तुगीज हकीम बुऱ्हाणच्या दरबारात मानाने वावरला. त्याच्याच लोकांच्या धर्मन्यायालयाने 1580 मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, गोव्यात त्याची हाडे उकरून जाळली. हे आम्ही फुशारकीसाठी सांगत नाही. ज्यांना सहिष्णुता फक्त एकाच बाजूला दिसते, त्यांनी हा हिशेब मांडावा, एवढेच.

2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंविषयी आम्हाला आदरच आहे. पण पाटी बदलली म्हणून चौलचा तह, घाटातली बैलांची वाट, हबशी सरदार आणि मराठा सरदार यांनी मिळून लढलेल्या लढाया पुसल्या जात नाहीत. हा इतिहास मराठी आहे. तो दुसऱ्यांनी लिहून द्यावा म्हणून वाट पाहत बसू, तर दोष आमचाच. मोडी आणि फारसी दोन्ही वाचणारी मुले आम्ही घडवणार की नाही?