हजेरीपटावरचे शब्द

भिलाईसारख्या पोलाद-नगरीत व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीला पदवीपूर्वी काही आठवडे एखाद्या संस्थेत काम करून प्रमाणपत्र आणावे लागते. हे काम आरोग्यक्षेत्रातील एखाद्या सेवाभावी संस्थेच्या ‘मानव संसाधन’ विभागात मिळाले, तर वरवर पाहता फरक एवढाच, की यंत्रशाळेच्या जागी दवाखाना येतो. अर्जांची छाननी, मुलाखतींचे वेळापत्रक, नेमणूकपत्रे, रजेचा हिशेब, प्रशिक्षणाची हजेरी हे सारे तेच असते. वस्तुतः तिच्यासमोर जे कागद येतात ते भारतीय भाषांच्या अभ्यासकानेही वाचावेत अशा योग्यतेचे असतात. माणसाच्या श्रमाला काय म्हणावयाचे, हा प्रश्न तेथे शब्दांनीच सोडवलेला, किंवा शब्दांनीच झाकलेला असतो.

विभागाच्या पाटीपासूनच आरंभ करता येईल. हिंदीने ‘मानव संसाधन’ म्हटले, मराठीने ‘मनुष्यबळ’. 1985 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचे नाव बदलले तेव्हा हा भेद ठळक झाला; 2020 मध्ये मंत्रालयाचे जुने नाव परत आले, शब्द मात्र कचेऱ्यांतून गेले नाहीत. बळ माणसाच्या अंगी असते. संसाधन खाणीतही सापडते. 1959 मध्ये पेटलेल्या पहिल्या झोतभट्टीपासून दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर चाललेल्या भिलाईला हे निराळे सांगावयास नको.

आणि त्याच दल्ली-राजहरात या विषयाचे एक निराळेच उत्तर उभे आहे. 1977 च्या जूनमध्ये तेथील कंत्राटी खाणकामगारांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन 11 जण मृत्युमुखी पडले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाने त्यांच्या स्मरणार्थ 1983 मध्ये ‘शहीद अस्पताल’ सुरू केले. पैसा कामगारांनी जमवला, बांधकामावर तेच राबले, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या जोडीला आरोग्याचे काम शिकून उभे राहिलेही तेच. यातील पुष्कळसे श्रम विनामोबदला होते, हे खरेच. परंतु ते कोणी कोणाकडून काढून घेतलेले नव्हते. ज्याने श्रम दिले त्याचेच ते रुग्णालय होते. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची भिलाईतच हत्या झाली. रुग्णालय त्यानंतरही चालत राहिले.

सेवाभावाचा उच्चार करणारी प्रत्येक संस्था या उदाहरणाच्या आड उभी राहू पाहते. तसा अधिकार मात्र फार थोड्यांना आहे.

‘मितानिन’ या शब्दाचेच पाहावे. छत्तीसगढी लोकजीवनात दोन व्यक्ती महाप्रसाद, गंगाजल किंवा भोजलीची रोपे यांच्या साक्षीने आजन्म मैत्री जोडतात; मग ती माणसे एकमेकांना नावाने हाक मारीत नाहीत, ‘महाप्रसाद’ म्हणूनच संबोधतात. रक्ताच्या नात्याइतकेच हे नाते पाळले जाते. मराठीतील ‘मानलेली बहीण’ त्याच्या जवळ जाते, पण त्या विधीचे गांभीर्य तिच्यात नाही. 2002 मध्ये राज्याने गावोगावच्या आरोग्य-कार्यकर्तीला ‘मितानिन’ हे नाव दिले. शासकीय योजनांच्या नामकरणात इतका जिवंत शब्द क्वचितच आढळतो. 2005 नंतर देशभर आलेली ‘आशा’ ही मुळात इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तो किती मोलाचा हे कळते. आज छत्तीसगढमध्ये सुमारे 70,000 मितानिन आहेत. परंतु मैत्रिणीला कोणी पगार देत नाही! नात्याचा शब्द आला की हिशेबाचा शब्द संकोचतो. मोबदल्याची मागणी करण्यासाठी जेव्हा या स्त्रियांना रस्त्यावर यावे लागते, तेव्हा त्यांना आधी स्वतःच्या सुंदर नावाशीच भांडावे लागते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने वापरलेल्या ‘आरोग्यदूत’ या शब्दालाही ही कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.

या संकोचातूनच ‘मानधन’ जन्मते, हिंदीत ‘मानदेय’. मराठी लेखकाला हा शब्द चांगलाच परिचित आहे: मान पुरेपूर आणि धन यथातथा. याउलट पोर्तुगीजांकडून आलेला ‘पगार’ हा शब्द रांगडा खरा, पण तो हक्काने मागता येतो. हा केवळ शब्दच्छल नव्हे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात त्यांचा ग्रॅच्युइटीवरील हक्क मान्य केला, तेव्हा त्यांचे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, असेही न्यायालयाला ठरवावे लागले. आयुष्यभराच्या कामाचे फळ एका शब्दाच्या अर्थावर अडले होते.

म्हणूनच ‘मानव संसाधन’ या रुक्ष शास्त्राची सरसकट हेटाळणी करणे साहित्याच्या अभ्यासकांना शोभत नाही. नेमणुकीचे पत्र, कामाचे तास, बाळंतपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी ही त्याची परिभाषा कोरडी असली तरी ती माणसाला दावा सांगू देते. देणगीदारांचा निधी प्रकल्पापुरता येतो आणि प्रकल्प संपला की पदही संपते, ही संस्थांची अडचण खोटी नाही. पण ती अडचण ‘सेवा’ या शब्दाखाली सरकवण्यापेक्षा करारपत्रात स्पष्ट लिहिलेली बरी.

आता त्या विद्यार्थिनीविषयी. तिच्या स्थितीला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे: उमेदवारी. जुन्या कचेऱ्यांत नोकरी मिळेल या उमेदीवर बिनपगारी राबणारा तो उमेदवार. निवडणुकांनी या शब्दाचा दुसरा अर्थ इतका वाढवला, की पहिला विस्मरणात जाऊ लागला आहे. ती ज्या संस्थेत दाखल होते तेथे कर्मचाऱ्यांचा एक तक्ता असतो, मानधनावरच्या कार्यकर्त्यांचा दुसरा. दोन्ही नीट मांडून देणे हे बहुधा तिचेच काम ठरते. दोहोंतील कामाचे तास तिने एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत आणि मिळणारे आकडे आपल्या अहवालात उतरवावेत. महाविद्यालयाने तो अहवाल केवळ गुणांसाठी न ठेवता संस्थेकडेही पाठवावा. तिचे स्वतःचे नाव या दोन्ही तक्त्यांत नसते. ते प्रमाणपत्रावर असते, आणि प्रमाणपत्रात मोबदल्याचा रकाना नसतो.