मनाचा हिशेब आणि सात वर्षे



बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून एकच चर्चा रंगते : सी.ए., एम.बी.ए. की सरळ पेढी? गुलमंडीवर कापडाचे दुकान असलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी यंदा या चर्चेला निराळे वळण लागले. वाणिज्य शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली त्यांची कन्या म्हणाली, ''मला मानसशास्त्रात संशोधन करायचे आहे.'' आजोबांनी विचारले, ''म्हणजे दवाखाना घालणार का?'' वडिलांनी विचारले, ''आणि कमाई कधी सुरू होणार?'' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर देत आहे.

पहिला प्रश्न आजोबांचा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. संशोधकाचा मार्ग या दोहोंपासून वेगळा आहे. एक साडी घ्यायला आलेले गिऱ्हाईक तीन का घेऊन जाते, अपुऱ्या झोपेचा स्मरणावर काय परिणाम होतो, अशा प्रश्नांची उत्तरे तो प्रयोग, मोजमाप आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे शोधतो. आकड्यांची भीती नसलेली वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी येथे मुळीच उपरी ठरत नाही. बी.ए.ला मानसशास्त्र घेण्यासाठी साधारणतः कोणत्याही शाखेची बारावी चालते.

आता विद्यापीठ. १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे, त्यामुळे घरी राहूनही उच्च शिक्षण शक्य आहे. पुणे विद्यापीठात या विषयाची परंपरा १९५० पासूनची आहे. आय.आय.टी. गांधीनगरमध्ये बोधात्मक विज्ञानाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मात्र केवळ नाव ऐकून निवड करू नये. प्रवेशापूर्वी विभागात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती किती सत्रे शिकवतात? प्रत्येक विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करून प्रबंध लिहितो का? प्राध्यापक सध्या कशावर संशोधन करीत आहेत? येथून गेलेले विद्यार्थी पीएच.डी.ला कोठे पोहोचले? माल पारखल्याशिवाय आपण खरेदी करीत नाही. तोच न्याय येथेही लावावा.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण आहे. नव्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी मिळवल्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र होता येते, अन्यथा एम.ए. करावे लागते. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात, आणि अनेकांना त्याहून अधिक. म्हणजे कमीत कमी सात वर्षांचा हिशेब धरावा. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. परंतु ती थोड्यांनाच लाभते. तोपर्यंतचा भार घरालाच उचलावा लागतो, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आणि ज्या प्रश्नाचा उच्चार कोणी केला नाही, तो लग्नाचा. मुलगी पंचविशीची होईल, स्थळे काय म्हणतील, ही काळजी आईच्या चेहऱ्यावर दिसत होती. या काळजीला हसू नये. पण तिला निर्णयाची गादीही देऊ नये. मुलगा आठ वर्षे नव्या धंद्यात घालवतो तेव्हा आपण त्याला धीर देतो. तोच धीर मुलीच्या वाट्याला का येऊ नये?

एक पर्याय मात्र खुला ठेवावा. तिसऱ्या वर्षाअखेर संशोधनात मन रमले नाही, तर तीन वर्षांची पदवी हाती घेऊन दुसरीकडे वळता येते. त्यात कमीपणा नाही.

गेल्या सोमवारी ते पिता-पुत्री विभागात जाऊन आले. वडिलांनी चारही प्रश्न वहीत उतरवून नेले होते. परतल्यावर ते म्हणाले, ''तिसऱ्या प्रश्नापासून मी गप्पच होतो. पुढचे सगळे तिनेच विचारले.''