उशाशी फाइल

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली बाबा गेले. त्यांनी उभारलेल्या पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा मागे राहिल्या. देव देवळात शोधू नका, असं ते कीर्तनातून कळकळीने सांगत. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. उपचारांची फाइल उशाशी घेऊन कुणी आडवं होतं. केमोनंतर अन्नाचा वासही नकोसा झालेल्या माणसाला कुणी दोन घास मऊ भात भरवतं. आमच्या लेखी हीच महापूजा. मुंबईत परक्या माणसाला परवडणारं छप्पर मिळणं किती कठीण, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्री कोण झोपतं, ते एकदा बघून या. जाताना डबा न्या.