थेंब खाली, गळती वर

आमच्या विठ्ठलवाडीच्या घरासमोर एक हिरो होंडा स्प्लेंडर उभी असते. हे मॉडेल 1994 साली बाजारात आले. आमची गाडी 2002 ची. वडिलांनी तिच्यावर बसून वीस वर्षे उल्हासनगर ते अंबरनाथ उधारी वसूल केली. गेल्या महिन्यात तिच्याखालच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावे लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून ‘भंगारात काढू’ असे मी बोलून गेलो. वडील काही बोलले नाहीत; त्या दिवशी जेवलेही कमीच.

या 97.2 सी.सी.च्या इंजिनात ऑइल मावते जेमतेम एक लिटर. रोजचे थेंब क्षुल्लक वाटतात, पण पातळी खाली गेली की पिस्टन जाम होतो आणि मग खरोखरच इंजिन खोलावे लागते. मी प्रथम तळाच्या ड्रेन नटचा वॉशर बदलला, कारण थेंब तेथूनच पडत होता. डाग मात्र तसाच राहिला. (काढलेले जुने ऑइल डब्यात भरून गॅरेजवर दिले. ते गटारात ओतले असते तर वालधुनीत गेले असते, आणि त्या नदीने आपले पुष्कळ सोसले आहे.)

वडील खुर्चीवरून पाहत होते. म्हणाले, “अरे, खालचे काय पुसतोस? वरून कुठून येते ते बघ.”

वाचकहो, ते अगदी खरे होते. गाडी धावताना वाऱ्याने ऑइल मागे सरकते, पंखांमधून खाली ओघळते आणि सर्वांत खालच्या टोकाशी थेंब होऊन लोंबते. मी थंड इंजिन रॉकेलने स्वच्छ पुसले, कोरडे होऊ दिले, त्यावर टाल्कम पावडर शिंपडली आणि गाडी कल्याणपर्यंत नेऊन आणली. पावडरीत एकच ओली रेघ उमटली होती, आणि तिचा उगम होता वरच्या टॅपेटच्या झाकणाशी.

झाकण काढण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने साफ केली, नाहीतर ती आत व्हॉल्व्हवर पडते. आतली रबरी ओ-रिंग बांगडीसारखी कडक आणि चपटी झाली होती. ती सोबत नेऊन तंतोतंत त्याच मापाची आणली. किंमत एका कटिंग चहाहून फार अधिक नव्हती. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावले, झाकण आधी हातानेच फिरवून बसवले आणि मग पान्याने बेताने आवळले. इथे जोर नडतो. धातू ॲल्युमिनियमचा, त्याचे आटे लगेच जातात. सिलिकॉनचा लेप थापण्याचा मोहही टाळावा, त्याचे तुकडे सुटून ऑइलची जाळी तुंबवतात.

प्रत्येक गळती घरी निघत नाही. मॅग्नेटमागचे ऑइल सील गेले असेल तर ओढणीचे खास हत्यार लागते, तेथे कारागीरच हवा. आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर ऑइल गळत नसून आत जळते आहे.

पातळी तपासून गाडी उभी केली, खाली वर्तमानपत्र अंथरले. चौथ्या सकाळी वडिलांनी तो कागद उचलला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी निरखला.

“भंगारवाला कधी येणार म्हणालास?” त्यांनी विचारले, आणि किल्ली मागितली.