शून्य उत्तराचे गुण

नवे मूलकण म्हटले की सर्नचा 27 किलोमीटरचा बोगदा सांगून आपण पुढे जातो. पण अमेरिकेतल्या बोल्डरच्या जिला संस्थेत हाच शोध एका प्रयोगशाळेत चालतो. तिथे हॅफ्निअम फ्लोराइडचे विद्युतभारित रेणू पकडून ठेवतात आणि त्यांतल्या इलेक्ट्रॉनचा भार सगळीकडे सारखा पसरलाय की किंचित एका बाजूला कललाय, हे मोजतात. अज्ञात जड कण असतील तर त्यांच्या प्रभावाने थोडा तरी कल दिसावा, असं अनेक सिद्धांत म्हणतात.

2023 मध्ये उत्तर छापून आलं: मोजमापाच्या मर्यादेत कल शून्य! तरीही ते मोलाचं, कारण जास्त कल सांगणाऱ्या सिद्धांतांना त्याने कात्री लावली. आणि गंमत म्हणजे, हिशेब पुरा होईपर्यंत खरा आकडा त्यांनी स्वतःपासूनच झाकून ठेवला होता.

आमच्या प्रॅक्टिकलला उलटं. साध्या लंबकाचं उत्तर 9.8 आधी लिहायचं, मग रीडिंग्ज बसवायची. मुलांना काय बोलणार? 9.4 आलं ते 9.4 लिहिणाऱ्याचे गुण आपणच कापतो ना! यंदा मी उत्तराला गुणच ठेवलेले नाहीत. रीडिंग्जना आहेत, आणि चूक किती असू शकेल याच्या अंदाजाला.